ड्राइव्ह-थ्रूची रांग सरासरीवर आखता येत नाही

सोलापुरातील हॉटेलचालकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. पुणे किंवा हैदराबाद रस्त्यावर ड्राइव्ह-थ्रू (गाडीतून न उतरता खिडकीवरून पदार्थ घेण्याची सोय) काढायचा असेल तर सिम्युलेशन (संगणकावर रांगेची नक्कल चालवून पाहणे) ही निव्वळ उधळपट्टी आहे. तासाला किती गाड्या येतात ते मोजा, एका गाडीला लागणारा वेळ पाहा आणि लेन आखा. रांग लागलीच तर दुसरी खिडकी उघडा, ती निम्मी होईल, असे त्यात म्हटले आहे. या सल्ल्यावर विसंबून कोणी पक्के बांधकाम केले तर भुर्दंड त्यालाच पडेल, म्हणून हे उत्तर.

सरासरीचा मुद्दा सर्वांत घातक आहे. तासाला 30 गाड्या आणि प्रत्येकीला सरासरी दीड मिनिट धरले, तर कागदावर रांग लागतच नाही. परंतु गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. पाच मिनिटे कोणी फिरकत नाही आणि मग लागोपाठ चार येतात. एकाला नुसता चहा हवा असतो, तर मागच्या गाडीतील सहा जणांचे काय घ्यायचे ते ठरलेलेच नसते. गाड्यांचे येणे आणि सेवेचा वेळ दोन्ही असे अनियमित धरून एका खिडकीसाठीचे रांगशास्त्राचे साधे सूत्र लावले, तर सरासरी साडेचार मिनिटे ताटकळावे लागते आणि गाड्या 36 झाल्या की साडेतेरा मिनिटे. गाड्या वाढल्या पाचव्या हिश्शाने, खोळंबा झाला तिप्पट.

दुसऱ्या खिडकीचे गणितही असेच फसवे आहे. या खिडक्या बँकेतील काउंटरप्रमाणे शेजारी-शेजारी नसतात, त्या एकामागे एक असतात. पैसे देऊन झालेली गाडीही पुढची गाडी पदार्थासाठी थांबली असेल तर जागची हलू शकत नाही. ही अडवणूक त्या साध्या सूत्रात बसत नाही. सिम्युलेशनमध्ये मात्र प्रत्येक गाडी स्वतंत्रपणे चालवून ती पाहता येते, आणि खिडकीऐवजी पुढे एक गाडी बाजूला घेण्यापुरती जागा ठेवली तर काय होईल, हेही कुदळ मारण्यापूर्वीच कळते.

परदेशी आकडे येथे चालणार नाहीत, एवढे मात्र त्या मजकुरात बरोबर आहे. गड्ड्याच्या यात्रेतील संध्याकाळ आणि मे महिन्यातील दुपार यांची मोजणी वेगवेगळीच करावी लागेल, आणि फटीतून पुढे घुसणाऱ्या दुचाकीही धराव्या लागतील. राहिला खर्चाचा प्रश्न. पायथॉन या संगणकभाषेतील सिमपाय हे सिम्युलेशनचे साधन मोफत मिळते. घड्याळ घेऊन माणूस उभा करण्याचा खर्च त्या मजकुरात सुचवलेल्या मोजणीतही चुकत नाही.