आजोबाही उशिराच बोलले होते

मुलगा 20 महिन्यांचा असताना नावाने हाक मारली तरी वळून पाहत नसे, आणि डब्याचे झाकण फरशीवर गरगर फिरवत तासभर एकटाच रमे. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगं, तुझे आजोबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते, पुढे नावाजलेले वकील झाले." मलाही तेच ऐकायचे होते.

इथे न्यू जर्सीत आमचे थांबणे टळले, ते आमच्या शहाणपणामुळे नव्हे. 18 आणि 24 महिन्यांच्या तपासणीत बालरोगतज्ज्ञ ऑटिझमविषयीची (स्वमग्नतेविषयीची) प्रश्नावली पालकांकडून भरून घेतात (पहिल्या वेळी आम्ही अर्धी उत्तरे मायेपोटी सुधारून लिहिली होती). शिवाय तीन वर्षांखालील मुलासाठी पालकांनी स्वतः सरकारी शीघ्र हस्तक्षेप सेवेला (वाढीत मागे पडणाऱ्या लहान मुलांना लवकर मदत देणारी सेवा) फोन केला तरी पुरते. निदानाचा कागद लागत नाही आणि 45 दिवसांत तपासणी होऊन पुढची आखणी व्हावी, असा नियम आहे. मात्र तिसऱ्या वाढदिवसाला ही सेवा संपते आणि शाळा-विभागाकडे सगळे नव्याने मांडावे लागते. त्यात एका थेरपिस्टबाईंनी घरी फक्त इंग्रजी बोलायला सांगितले. आम्ही वर्षभर ते पाळले आणि मुलाची आजी त्याला परकी झाली. दोन भाषांमुळे अशा मुलांचे बोलणे मागे पडते, याला अभ्यासांत आधार सापडलेला नाही, हे मला फार उशिरा कळले.

तिकडे भारतात आमच्या नातेवाइकांत वाद चालतो तो मूल मोबाइलमुळे बोलत नाही का, याचा. मोबाइल कमी करायला कोणाचीच हरकत नसावी. पण 'आधी तो बंद करून पाहू' म्हणत सहा महिने घालवणे मला पटत नाही. मग कोणीतरी स्टेमसेल (मूळपेशी) उपचारांची जाहिरात पाठवते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑटिझमसाठी असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाहीत, हे मात्र कोणी पाठवत नाही.

सरकारी सोय मात्र तिकडेही आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुले तपासतात व गरज असल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे विनामूल्य पाठवतात. आपल्या मध्यमवर्गीयांची मुले खासगी प्लेग्रुपमध्ये असल्यामुळे ते पथक त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि घरात कोणाला त्या केंद्राचे नावही ठाऊक नसते. गेल्या महिन्यात माझी एक मावसबहीण आपल्या मुलीला घेऊन, सासूबाईंना न सांगता, तिथे गेली. तिला आधी कानांची तपासणी करून यायला सांगितले. आमचीही सुरुवात तिथूनच झाली होती.