मदत भरपूर आहे, फक्त पुरावा आणा

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात शिकायला येणाऱ्याला आधी थंडी गाठते असं लोक म्हणतात. मला आधी मदतीने गाठलं. कॉलेजच्या ओरिएंटेशनला एक कापडी पिशवी हातात पडली. आत एक पेन, एक शिट्टी (ती कधी वाजवायची हे कोणीच सांगितलं नाही) आणि पत्रकांचा गठ्ठा. घर शोधायला मदत, बायोडेटा लिहायला मदत, हिवाळ्यात उदास वाटलं तर मदत, आणि मदत कुठे मिळेल हे विचारायला मदत. शेवटचं खरंच आहे. २११ नंबर लावायचा, अडचण सांगायची, आपल्या भागात कोणती संस्था उपयोगी पडेल ते पलीकडून सांगतात. चोवीस तास, तेही फुकट.

तेव्हा मोठ्या उत्साहाने मी एका सेटलमेंट ऑफिसात, म्हणजे नवख्यांना बस्तान बसवायला मदत करणाऱ्या ऑफिसात, गेले. टेबलापलीकडच्या ताई इतक्या गोड की त्यांनी आधी माझं जाकीट काढून अडकवलं.

"कॅनडात नवीन?"

"हो!"

"छान, छान. पीआर कार्ड आणलंय?"

"नाही, स्टडी परमिट आहे."

ताईंचा चेहरा असा उतरला की मीच त्यांना धीर द्यायला लागले. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या या सेवा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, मिळालेल्यांसाठी आणि निर्वासितांसाठी. परदेशी विद्यार्थी त्यात बसत नाहीत. म्हणजे विमानतळावर मी नवखी, बँकेत नवखी, बर्फावर तर पार आडवी होण्याइतकी नवखी, पण या टेबलापुरती मुरलेली. मला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून त्यांनी एक पत्रक दिलं. ते माझ्याकडे होतंच. तरी घेतलं.

सिन नंबर, म्हणजे नोकरी आणि टॅक्ससाठी लागणारा सरकारी ओळख क्रमांक, मात्र सरकारने काहीही कटकट न करता दिला. तक्रारीला जागाच ठेवली नाही, त्यामुळे घरी फोनवर सांगण्यासारखं काही उरलं नाही. तात्पुरत्या लोकांचा सिन ९ ने सुरू होतो आणि परमिट संपलं की तोही संपतो, एवढंच.

खरी कसोटी घराची. घरमालक काकांनी विचारलं, "क्रेडिट हिस्टरी?" आता माझ्या शिक्षणासाठी बाबांनी एवढं कर्ज काढलंय की आमच्या घरात त्याशिवाय दुसरा विषय नाही. जीआयसीतच, म्हणजे इथल्या राहण्याखाण्याच्या खर्चाचा पुरावा म्हणून दाखवायच्या बँक ठेवीतच, २०,६३५ डॉलर अडकवले. जानेवारी २०२४ च्या आधी ही रक्कम दहा हजार होती. आमचं नशीब असं नेहमी वेळेवर पोचतं. आणि काका म्हणतात, तू कधी कर्जच घेतलेलं नाहीस, तुझा भरवसा कसा धरायचा? मग सहा महिन्यांचं भाडं आगाऊ दे, आणि मोडतोडीचं डिपॉझिट वेगळं.

या अटींचं लीज, म्हणजे भाडेकरार, घेऊन मी कॉलेजच्या हाउसिंग डेस्कवर गेले. तिथला मुलगा माझ्याहून लहान दिसत होता, पण कागद हातात घेतल्यावर एकदम वकील झाला. पेन्सिल कानामागून काढली, डिपॉझिटच्या ओळीवर फुली मारली, आगाऊ भाड्याभोवती गोल केला. ओंटारियोत घरमालकाने फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं आधी मागायचं. मोडतोडीचं डिपॉझिट घ्यायचंच नाही. सरकारचा ठरलेला लीजचा नमुनाही आहे, २०१८ पासून. सगळं पटलं. पण हे काकांना सांगायचं कोणी? त्यांनी आदल्या दिवशीच मला आल्याचा चहा पाजला होता. यावर मात्र पत्रक नव्हतं. शेवटी पेन्सिलीच्या खुणा तशाच ठेवून कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि छताकडे बघत बसले. काकांनी चष्मा लावला, काढला, आणि म्हणाले, "बरं, राहू दे."

मग लायब्ररी. कार्डासाठी पत्त्याचा पुरावा हवा. वीजबिल काकांच्या नावावर, इंटरनेट रूममेटच्या. त्या बेसमेंटमध्ये मी राहते याचा एकमेव साक्षीदार म्हणजे माझ्या प्रत्येक फोडणीला बोंब ठोकणारा स्मोक अलार्म, आणि त्याची सही चालत नाही. बँकेचं पत्र पोस्टाने येईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून फुकटचं वायफाय खाल्लं. पण संध्याकाळच्या इंग्रजी गप्पांच्या वर्तुळात मला कोणीच परमिट विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि विचारलं, हिवाळी बूट घेतलेस का?

मार्च-एप्रिलमध्ये कमी उत्पन्नवाल्यांसाठी स्वयंसेवक टॅक्स रिटर्न फुकट भरून देतात, हे मला त्याच वर्तुळात कळलं. माझी कमाई जवळजवळ शून्य. तरी भर, म्हणाले, जीएसटी क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना सरकार देतं ते पैसे, मिळू शकतं. एक निवृत्त आजोबा माझे कागद सरळ करत बसले. ३० एप्रिलच्या आत काम झालं, आणि काही महिन्यांनी खात्यात खरंच पैसे आले.

बाबांना कौतुकाने सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता.

"सरकारने? तुला? आपणहून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हात लावू नकोस. व्याजासकट परत मागतील."