पोस्ट मिलचा खांब जमिनीत रोवलेला नसतो

पोस्ट मिल, म्हणजे एका खांबावर फिरणारी इंग्लंडमधली जुनी लाकडी पवनचक्की. तिच्या फोटोखाली हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: ‘लोखंडाचा एकही तुकडा नाही. मधला खांब जमिनीत खोल रोवलेला. दगडावर दगड घासून पीठ निघे. वादळ मोठं, तेवढं दळण जास्त.’ चारही विधानं चुकीची आहेत आणि त्यांच्यामुळे त्या सुतारांची खरी करामत झाकली जाते.

‘खांब जमिनीत रोवलेला.’ तोंड वाऱ्याकडे करता यावं म्हणून अख्खी चक्की एका ओकच्या खांबावर तोललेली असते, पण तो खांब जमिनीला टेकत नाही. विटांच्या चार चौथऱ्यांवर दोन जाड तुळया फुलीसारख्या एकीवर एक टाकतात. म्हणून समोरासमोरचे दोन चौथरे उरलेल्या दोघांपेक्षा एका तुळईच्या जाडीएवढे उंच असतात. तुळयांच्या टोकांकडून निघालेले चार तिरके टेकू वर खांबात शिरतात आणि सगळा भार तेच चौथऱ्यांवर उतरवतात. खांबाचं बूड फुलीवर फक्त जागेवर राहण्यापुरतं अडकवलेलं असतं. चक्की धड असेल तर तिथे फट दिसते. फट बुजली की समजावं, खांब खाली बसलाय. अशा वेळी आधी टेकूंचे पाय तपासावेत, कारण पाणी मुरतं ते टेकू आणि तुळईच्या जोडात. सुरुवातीच्या काही चक्क्यांच्या तुळया मातीत पुरत, हे खरं, त्या कुजत.

‘लोखंड नाही.’ सांगाडा ओकच्या खुंट्यांनी जोडत, एवढंच बरोबर. वरची तळी, म्हणजे दळायचा वरचा गोल दगड, सुमारे टनभर वजनाची असू शकते. तिला पेलणारी दांडी आणि तळीच्या भोकातली आडवी पट्टी लोखंडीच असे. पात्यांच्या आसाचं मागचं टोकही लोखंडी.

‘दगडावर दगड घासून.’ तळ्या एकमेकींना टेकल्या तर ठिणग्या उडतात आणि पिठात कच येते. मध्ये बारीक फट राखायची आणि धान्य तळ्यांवरच्या खाचांच्या कडांवर कातरलं जाऊ द्यायचं, हे खरं दळण. धान्य संपत आलं की सावध करायला घंटा असे: चाड्यातल्या धान्याखाली दाबलेला चामडी पट्टा सैल झाला की ती वाजे.

‘वादळात जास्त दळण.’ वेग वाढला की वरची तळी उचलली जाऊ लागते आणि पीठ भरड येतं. ते सावरायला वेगानुसार तळी खाली आणणारा नियामक लागतो; थॉमस मीडने त्याचं पेटंट 1787 साली घेतलं. त्याहून मोठा धोका ब्रेकचा. तो म्हणजे मोठ्या दातेरी चाकाभोवतीचा लाकडी पट्टा. वादळात पाती पूर्ण थांबली नाहीत तर तो घासून तापतो आणि चक्की पेटते. म्हणून वारा चढायच्या आतच पाती थांबवून त्यांवरचं कापड गुंडाळायचं आणि तोंड वाऱ्याकडेच ठेवायचं. मागून झोत आला तर पाती आसासकट पुढे उखडू शकतात. बकिंगहॅमशरमधल्या पिटस्टोन चक्कीच्या लाकडावर 1627 हे साल कोरलेलं आहे. 1902 च्या वादळाने तिचं इतकं नुकसान केलं की दळण बंदच पडलं.