सुरमईकडे बघायचं नाही

आमच्या घरात पाच तोंडं. मुलगा जिमला जातो, त्याला प्रोटीन हवं. ह्यांना शुगर, म्हणून भात कमी. पण भाताशिवाय ह्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही. मुलीला मासा चालतो, फक्त त्याला काटे नसावेत. सासूबाईंना सगळं चालतं, मात्र मी केलं असेल तर त्यात मीठ कमीच असतं. आणि या सगळ्यांना पुरायचं पाकीट एकच. तेही वीस तारखेपासून चपटं.

हिशेब करून बघितला तर कोडं अगदी सोपं आहे. मालवणच्या मासळीबाजारात शिरायचं आणि सुरमईकडे बघायचं नाही. बघितलं की पाय थांबतात. तडक बांगड्याच्या, नाहीतर तारल्यांच्या वाट्यासमोर उभं राहायचं. ओमेगा-3 म्हणून शहरातले लोक ज्या गोळ्या गिळतात, तो ऐवज इथे टोपलीत चकाकत पडलेला असतो. भाव जरा उतरवायला गेलं की मासळीवाली म्हणते, “घेतंस तर घे, नायतर फुडे सर!” मी पुढे सरते. मग मागून हाक येते.

खरी घासाघीस घरी सुरू होते. तारल्यांचं तिखलं वाढलं की मुलगी एकेक काटा ताटाच्या कडेला मांडून ठेवते, जणू उद्या कोर्टात दाखवायचे आहेत. दुसऱ्या दिवशी कुळथाची पिठी. मुलगा ताटाकडे बघून विचारतो, “प्रोटीन कुठाय?” मी सांगते, बाबा रे, 100 ग्रॅम कुळथात 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. त्याने फोनवर तपासलं. खरं निघालं. त्यामुळे तो जास्तच चिडला.

1 जूनला यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, त्या 31 जुलैपर्यंत. माशांना प्रजननाची सवड मिळते हे चांगलंच आहे, आमच्या सवडीचा विचार मात्र कोणी केलेला नाही. मग मे महिन्यात डब्यात भरून ठेवलेली सुकट बाहेर निघते. पौष्टिक, स्वस्त, टिकाऊ. दोष एवढाच की ती तव्यावर पडली की अख्ख्या वाडीला कळतं, ह्यांच्याकडे महिनाअखेर आली.

पहिल्या पावसानंतर परसात टाकळा उगवतो. आठळ्या घालून, वर ओलं खोबरं पेरून त्याची भाजी अशी होते की विचारू नका. फक्त ती फुकटची आहे हे जेवणं होईस्तोवर बोलायचं नाही. बाजारातून जुडी आणली म्हटलं की हेच लोक दुसऱ्यांदा वाढून घेतात. (खोबरं मात्र फुकट नाही. नारळ फोडताना हल्ली माझाच जीव फुटतो.)

नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाची पेज, शेवग्याचा पाला, असं करत करत महिना कडेला लागत आला की पाहुणे येतात. पाहुण्यांपुढे तारली ठेवायची नाही, हा सासूबाईंचा कायदा. “लोक काय म्हणतीत?” लोक काही म्हणू नयेत म्हणून सुरमई येते, आणि पुढचे आठ दिवस आम्ही काही म्हणत नाही.

गेल्या महिन्यात मुंबईहून वन्सं आल्या. सुरमई झाली, सोलकढी झाली. हात धुता धुता म्हणाल्या, “वहिनी, तिकडे आता सगळे कुळीथ खायला सांगतात गं. घरचं पीठ आहे का?” सासूबाईंनी मी तोंड उघडायच्या आत डबाच पुढे केला. महिनाभराची पिठी एसटीत बसून मुंबईला गेली.

वन्सं तशा मनाने मोठ्या. बदल्यात त्यांनी कुरियरने एक भलं मोठं पाकीट पाठवलं. ओट्स. सासूबाईंनी त्याची पेज केली, सोबत खारातला आंबा घेतला, आणि पहिल्याच घोटाला माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मीठ कमी आसा.”