सव्वा तासात लेह

दिल्ली ते लेह हवाई अंतर साधारण ६२० किलोमीटर, विमानाला लागतो जेमतेम सव्वा तास. दोन्ही विमानतळ जवळपास एकाच रेखांशावर. दिल्लीहून नाकासमोर उत्तरेला निघायचं, की आलंच लेह. त्यामुळे आमच्या साडूंनी मनालीहून मोटारसायकलवर जायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांची मनसोक्त कीव केली. "अहो, सव्वाचारशे किलोमीटरला तीन दिवस? तेवढ्यात आम्ही लेह बघून कंटाळलेले असू!" साडू नुसते हसले. साडूंचं हे हसणं मला कधीच आवडलेलं नाही.

लेहचं विमान म्हणजे भल्या पहाटेचं प्रकरण. दुपारी त्या खोऱ्यात वारा सुटतो, उन्हाने आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते, म्हणून विमानांनी सकाळीच काय ते उरकून घ्यायचं. आम्ही पुण्याहून रात्रीच दिल्ली गाठली आणि उरलेली रात्र विमानतळावरच्या खुर्च्यांत काढली. या खुर्च्यांच्या मधोमध लोखंडी दांडे बसवणाऱ्या माणसाचं झोपेशी काहीतरी जुनं वैर असावं.

विमान मात्र झकास. खाली बर्फाच्या रांगा, शेवटी डोंगरांच्या कुशीतून वळण घेत स्पितुकच्या गोंपाजवळ, म्हणजे बौद्ध मठाजवळ, उतरणं. डोंगर इतके जवळ आले, की बायकोने माझा दंड घट्ट धरला. बऱ्याच वर्षांनी.

उतरताना सूचना झाली : पूर्ण विश्रांती घ्या, दगदग करू नका. दिल्ली समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरवर, लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर. म्हणजे शरीराला न विचारता आम्ही त्याला सव्वा तासात तीन किलोमीटर वर नेलं होतं. पिशवीतलं भाकरवडीचं पाकीट टम्म फुगलं होतं. माझं डोकंही त्याच वाटेवर होतं.

हॉटेलमालकाने हसून "जुले" असा लडाखी नमस्कार केला, लसणाचं सूप पाजलं आणि आडवं व्हायला सांगितलं. दोन दिवस हलायचं नाही! वाचवलेला वेळ असा पलंगावर वसूल होत होता. खिडकीतून लेहचा राजवाडा दिसत होता. जिना चढून गच्चीवरून बघावा म्हटलं, तर चौथ्या पायरीवर हृदय कानात वाजायला लागलं.

संध्याकाळी साडू पोचले. अटल बोगदा, मग बारालाचा ला आणि तांगलांग ला या खिंडी असं करत, जिस्पा-सरचूला मुक्काम टाकत, शरीराला सवय लावत आलेले. अंगावर धुळीचे थर, चेहरा रापलेला आणि पोटात भूक. येताक्षणी विचारलं, "काय मग, बाजार फिरून येऊ?"

मालकाने माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ८४.

"बघा," बायको म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदाच डिस्टिंक्शन."

मग साडूंनी बोट पुढे केलं. ९१.