हातोडीच्या एका ठोक्यावर सांगाडा पास होत नाही

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या फाउंड्रीवाल्यांत, वाळू चाळायची कंपणारी स्क्रीन पेलणाऱ्या सांगाड्याबद्दल एक मेसेज फिरतोय: "सांगाड्याला हातोडी मारा. नैसर्गिक वारंवारता चालत्या वेगापासून २० टक्के दूर असली की निश्चिंत राहा. कोहिरन्स १ आला तर सांगाडा रेषीय. २एक्स, ३एक्स दिसले तर अरेषीय." नैसर्गिक वारंवारता म्हणजे ठोका बसल्यावर सांगाडा ज्या वारंवारतेने आपोआप कंपतो ती. रेषीय म्हणजे जोर दुप्पट केला की कंपनही दुप्पट. कोहिरन्स म्हणजे मोजलेलं कंपन ठोक्याशी किती जुळतं, याचा ० ते १ मधला आकडा. २एक्स, ३एक्स म्हणजे चालत्या वेगाच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेची कंपनं.

स्क्रीनच्या सहा पोलच्या दोन मोटरी साधारण ९६० आरपीएमने, म्हणजे १६ हर्ट्झने फिरतात. समजा, ठोक्याने सांगाडा २० हर्ट्झ दाखवतो. २५ टक्के अंतर मिळालं! पण ठोक्याने सांधे जेमतेम हलतात. स्क्रीन जोरात चालली की बोल्टचे सांधे सूक्ष्म घसरू लागतात, ताठपणा उतरतो आणि २० ची वारंवारता १६ कडे सरकते. म्हणजे अनुनाद (दोन्ही वारंवारता जुळून कंपन फुगणं) जवळ येतो.

कोहिरन्सचा दावा तर उलटाच फसवतो. दर वेळी सारख्याच जोराने ठोकलं, तर अरेषीय सांगाडाही १ च्या जवळ आकडा देतो. कमी आकडा दुहेरी ठोक्याने किंवा सैल केबलनेही येतो.

२एक्स मिसअलाइनमेंटनेही (शाफ्ट एका रेषेत नसल्यानेही) उठतो. कंपन मोजणारा सेन्सर ओव्हरलोड होऊन लहरींचे शेंडे कापले गेले, तरी ३एक्स दिसतो. ८ हर्ट्झला, म्हणजे निम्म्यावर शिखर आलं, तर मात्र आधी ढिलेपणा शोधा.

खरी तपासणी व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) होते. दोन्ही मोटरींची वजनं (कंपन निर्माण करणारी, शाफ्टवरची एकाकडे झुकलेली वजनं) २० टक्क्यांवर ठेवा. वेग ६०० पासून १२०० आरपीएमपर्यंत १० च्या टप्प्यांनी चढवा (मोटरची वेगमर्यादा आधी पाहून), प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट थांबा, मग तसंच उतरवा. वजनं ४० टक्क्यांवर नेऊन पुन्हा करा. एक सेन्सर स्क्रीनवर, एक सांगाड्यावर, दोन्ही स्टडने (आट्यांच्या खिळीने) घट्ट. चुंबकावर भरवसा नको. प्रत्येक वेगाला दुसऱ्या फेरीचा कंपनाचा आकडा पहिल्याच्या दुप्पट यायला हवा. स्क्रीनवर दुप्पट आणि सांगाड्यावर नाही, तर दोष सांगाड्यात. चढताना आणि उतरताना कंपनाची अचानक उडी वेगवेगळ्या वेगाला पडली, तर तीही अरेषीयतेची खूण. पण वेग टॅकोमीटरनेच मोजा. मोटर अनुनादाशी अडखळून मागे राहिली, तरी अशीच उडी दिसते.

मग बोल्ट टॉर्क रेंचने आवळून तीच फेरी घ्या. गुणोत्तर २ वर आलं, तर सांधा सैल होता. नाही आलं, तर रबर पॅड तपासा. फक्त डिसेंबरच्या सकाळची मापं दुपारच्या मापांशी ताडू नका. गार रबर ताठ असतं.