‘त्यात काय एवढं’ म्हणणाऱ्या समस्त मंडळींना

काल रात्री मामांकडे ‘गोट’ हा इंग्रजी पिक्चर लावला होता, २०१६चा, अँड्र्यू नील या दिग्दर्शकाचा. अमेरिकेतल्या कॉलेजात फ्रॅटर्निटीत, म्हणजे पोरांच्या तिथल्या टोळीवजा क्लबात, शिरायचं म्हणून नवी पोरं चिखलात लोळतायत, हात बांधून घेतायत, ओकेपर्यंत दारू पितायत. आणि सोफ्यावरून मामा म्हणतात, “त्यात काय एवढं? आमच्या हॉस्टेलात याहून जास्त चालायचं. त्यानंच माणूस घडतो!”

शेजारी त्यांचाच मुलगा. बारावी झालेला, पुढच्या महिन्यात हॉस्टेलला जाणारा. त्याच्या पाठीवर थाप मारून वर आणखी, “याला पण घासून काढू देत जरा सिनियर.” पोरगा हसला, पण कसा हसला ते मामांनी बघितलंच नाही. माझं डोकं सणकलं ते तिथे.

अहो मामा, तुम्ही पिक्चर बघत होतात की पॉपकॉर्न? त्यातल्या ब्रॅडला, म्हणजे हिरोला, आधीच दोन अनोळखी पोरांनी बेदम मारून लुटलंय. तो आतून मोडलाय, म्हणून थोरल्या भावाच्या टोळीत शिरतो, की इथे तरी कुणी पाठीशी उभं राहील. आणि तिथेही मारच! मारणारे कोण? गेल्या वर्षी ज्यांनी स्वतः मार खाल्ला तेच. आपण सोसलं ते फुकट गेलं असं मानायची हिंमत नाही, म्हणून पुढच्याकडून वसूल करायचं. तुमचं ‘माणूस घडतो’ म्हणजे हेच. शेवटी एक पोरगा मरतो, तेव्हा तुम्ही फोन बघत होतात.

आणि हे फक्त तिकडचं नाही. ‘इंट्रो’च्या, म्हणजे ओळख करून घेण्याच्या, नावाखाली रात्री दोनला उठवणं, मान खाली घालून स्वतःच्याच ‘थर्ड बटना’वर, म्हणजे शर्टाच्या तिसऱ्या बटनावर, नजर ठेवायला लावून तासभर उभं करणं, हे मी माझ्या हॉस्टेलात भोगलंय. त्याच सिनियर बाया आता व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गोल्डन डेज’ म्हणून फोटो टाकतात आणि खाली बदाम पडतात! वॉर्डनबाई तेव्हा काय म्हणाल्या? “ओळख वाढते गं.”

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करायची, हे प्राचार्यांवर बंधनकारक. २००९ मध्ये हिमाचलात अमन काचरूला सिनियरांनी मारलं, तो गेला, तेव्हा कुठे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नियम कडक केले. आता प्रत्येक पोराकडून आणि पालकाकडून रॅगिंग करणार नाही, करू देणार नाही असं प्रतिज्ञापत्र घेतात. मामांनी परवाच ते भरलं. न वाचता! खाली स्वतःचं नाव घालून!

मी पोराला बाजूला घेऊन रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर त्याच्या फोनमध्ये टाकून दिलाय. आणि सांगितलंय, कुणी अंगाला हात लावला तर बाबांना नाही, आधी मला फोन कर. त्या सात दिवसांची वाट बघत मी घरी बसणार नाही.